अळीला धुरा दिसत नाही

दिग्रसला जाऊन आले असं पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “हे कुठं आलं गं बाई?” तर मैत्रिणींनो, दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. यवतमाळहून दारव्ह्यावरून गेलं की सत्तरएक किलोमीटर, आणि तोच रस्ता पुढं पुसदला जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गावर दिग्रसचं नाव आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आम्ही मात्र आपल्या नेहमीच्या एस.टी.नंच गेलो, आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून बरंच झालं.

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. यवतमाळ सोडलं की थोडा वेळ सागाची झाडं आणि बोडक्या टेकड्या सोबत करतात. मग रान मोकळं होतं आणि दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन दिसू लागते. कुठं गहू-हरभऱ्याचा हिरवा तुकडा, कुठं तुरीच्या पेंढ्या, आणि बाकी सगळीकडे कापूस. कापूस म्हणजे आपल्या डोळ्यांपुढं पांढरंशुभ्र शेत येतं, पण जानेवारीत ते तसं नसतं. वेचणी होऊन गेलेली, पानं गळलेली, तांबूस-करड्या काड्या उभ्या आणि मधूनमधून अडकून राहिलेले पांढरे पुंजके. या झाडाला वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात, शेताला वावर, आणि दोन वावरांमधल्या बांधाला धुरा.

हा धुरा शब्द मला फार आवडला. धुऱ्याच्या अलीकडे आपलं, पलीकडे दुसऱ्याचं. वीतभर उंचीची मातीची ओळ, तिच्यावर चार बाभळी नाहीतर बोरी. पण तेवढ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात!

दिग्रस गाव धावंडा नदीच्या काठी आहे. जवळच अरुणावती नदीवरचं धरण आहे. गावात घंटीबाबांचं मंदिर आहे, त्यांची यात्रा भरते. बाजारात फिरताना एका कानावर वऱ्हाडी पडते, दुसऱ्यावर हिंदी-उर्दू, आणि मधूनच बंजारा बायकांची गोरमाटी बोली. बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान पोहरादेवी इथून जवळ, वाशीम जिल्ह्यात. रामनवमीला तिकडं जाणाऱ्यांची रीघ लागते. वयस्क बंजारा बायकांच्या अंगावर अजून आरशांचं भरतकाम चमकताना दिसतं. कापडाची दुकानं, भांड्यांची दुकानं, बी-बियाणं आणि औषधांची दुकानं, भाजीत वांगी, तुरीच्या शेंगा आणि बोरांचे ढीग. कापसाच्या दिवसांत भरून चाललेल्या गाड्यांतून कापसाचे तुरे उडतात आणि रस्त्याकडेच्या झुडपांना अडकून बसतात.

आमच्या वन्संना दिग्रसला दिलं आहे. घर गावात, वावर गावाबाहेर. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी वन्संनी भरीत, भाकरी आणि ठेचा असा बेत केला होता. गॅस घरात आहेच, पण भाकरी आणि वांगं मात्र मागच्या अंगणातल्या चुलीवर. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांचा पुरुषभर उंच ढीग रचलेला. “वर्षाचं जळण आहे हे, वहिनी,” वन्सं कौतुकानं म्हणाल्या.

जेवताना दोन वाद निघाले. दोन्ही वाद एकाच पंगतीत निघाले म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

पहिला वाद वावराचा. वन्संचे यजमान म्हणाले, शेजारच्या वावरवाल्यानं येऊन सांगितलं, की कापूस आता उपटून टाका, फरदड घेऊ नका. फरदड म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी उपटायची नाही. पुन्हा पाणी द्यायचं, थोडं खत द्यायचं आणि मार्चपर्यंत आणखी चार-दोन क्विंटल कापूस काढायचा. पाण्याची सोय असली की हा मोह सुटत नाही. यजमानांना त्या सल्ल्याचा राग आला होता. म्हणाले, “माह्या वावरात मी काहीबी करीन. तुमचं काय जाते?”

दुसरा वाद भाचीचा. ती नर्सिंगचं शिकली. नागपूरला एका दवाखान्यात तिची निवड झाली होती, आणि दोन वर्षं लग्नाचा विषय काढू नका असं तिचं म्हणणं. “मामी, हा माझा एकटीचा प्रश्न आहे ना?” असं तिनं मला विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तिचे वडील म्हणाले, “मुलीचा निर्णय एकटीचा नसते. घराला लागते तो. धाकट्याचं लग्न आहे, नातेवाईक आहेत, चार लोकं विचारतात.”

पाहा कशी गंमत आहे. वावराच्या बाबतीत ‘माझी मर्जी’, आणि मुलीच्या बाबतीत ‘सगळ्यांचा प्रश्न’. आणि दोन्ही वाक्यं एकाच भाकरीसोबत, एकाच माणसाच्या तोंडून. माणूस वाईट नव्हे हं! उलट लेकीला घराबाहेर पाठवून शिकवणारा बाप तो. पण आपण सगळेच असं बोलतो आणि आपल्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं मला वावरात घेऊन गेल्या. तिथं पऱ्हाटीचं एक वाळकं बोंड त्यांनी माझ्या हातावर फोडलं. आत कापूस कुजकट पिवळा, घट्ट चिकटलेला, आणि त्यात एक इवलीशी गुलाबी अळी. “ही पाहा, हिच्यापायी सारं,” वन्सं म्हणाल्या. हीच ती गुलाबी बोंडअळी. पुढचं मी त्यांच्याकडून आणि नंतर वाचून समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या अंगावरच्या सुती साडीचा या गोष्टीशी संबंध आहे.

भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. या कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारणारं द्रव्य तयार होतं, त्यामुळं सुरुवातीला फवारण्या खूप कमी झाल्या. पण एक अट होती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळायची, तिच्यात साधं, म्हणजे बीटी नसलेलं बियाणं असायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं. का? तर काही अळ्या त्या द्रव्याला दाद न देणाऱ्या निघतातच. सगळीकडे बीटीच असलं तर फक्त त्याच जगतात, त्यांचंच कुळ वाढतं आणि औषध निकामी होतं. कडेच्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या, तर त्यांचे पतंग या चिवट पतंगांशी मिसळतात आणि पुढची पिढी पुन्हा औषधाला दाद देणारी निघते. थोडक्यात, थोडं पीक अळीला द्यायचं आणि बाकीचं वाचवायचं. आपण तुळशीपुढं नैवेद्य ठेवतो तसं म्हणा ना!

पण ती पुडी पेरायला कोणाला परवडावं? आधीच दोन-चार एकर, त्यात कडेच्या ओळी अळीला सोडायच्या! अनेकांनी पुडी तशीच ठेवली, कुणी धुऱ्यावर फेकली. प्रत्येकाला वाटलं, माझ्या एकट्याच्या चार ओळींनी काय होतं? शेजारी पेरीलच. शेजाऱ्यालाही तेच वाटलं. त्याच्या जोडीला फरदड. फरदडीमुळं अळीला जानेवारी ते मार्च आयतं खायला मिळतं आणि पुढच्या हंगामापर्यंत तिचा वंश टिकतो. त्यात मे महिन्यातच पेरणी करणारेही होते.

याचा परिणाम २०१७ च्या हंगामात विदर्भानं आणि मराठवाड्यानं डोळ्यांनी पाहिला. बीटीच्या बोंडात गुलाबी अळ्या वळवळू लागल्या. ज्यांनी पुडी पेरली होती त्यांच्याही आणि ज्यांनी नव्हती पेरली त्यांच्याही. पतंगाला सातबारा वाचता येत नाही, आणि धुराही दिसत नाही. पुढं कंपन्यांनी साधं बियाणं पाकिटातच मिसळून द्यायला सुरुवात केली, म्हणजे शेतकऱ्याच्या मर्जीवर काही राहूच नये. एक जूनच्या आधी कापसाचं बियाणं शेतकऱ्यांना विकायचं नाही, असा नियमही याच कारणासाठी आला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही हेच सांगते, की डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा.

आणि मैत्रिणींनो, इथं मला वन्संच्या अंगणातला तो ढीग आठवला. काडीला चिकटून राहिलेल्या वाळक्या बोंडांत अळी झोपून असते. पाऊस पडला की पतंग होऊन उडते. म्हणजे चुलीपाशी रचलेलं आपलं जळणही या साखळीतली एक कडी. वन्संना सांगितलं तेव्हा त्या चपापल्या. मग म्हणाल्या, “रचायच्या आधी बोंडं झाडून जाळली तर?” अगदी बरोबर! शिवाय पावसाळ्याआधी ढीग संपवावा. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती घरातल्या बाईच्या हातची आहे, आणि तिला ती कुणी सांगायला जात नाही. सल्ला द्यायला येणारा ‘मालक कुठायत?’ असंच विचारतो.

आता या अळीची किंमत कोणी मोजली ते पाहा. कापूस वेचायला बहुतेक सगळ्या बायकाच असतात, आणि मजुरी मिळते किलोवर. चांगलं बोंड फुललं की कापूस एका ओढीत हातात येतो. अळीनं खाल्लेलं बोंड अर्धवट उघडतं. त्यातली कवडी नखानं उकरून काढावी लागते, बोंडाची टोकं बोटांत घुसतात. दिवसभर तेवढंच वाकायचं, तेवढंच ऊन डोक्यावर, आणि संध्याकाळी काट्यावर वजन भरतं कमी. त्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. पुडी पेरायची की फेकायची, फरदड ठेवायची की उपटायची, हे तिला कोणी विचारलेलं नसतं. निर्णय धुऱ्याच्या आतला, भुर्दंड धुऱ्याबाहेरचा.

त्याच २०१७ साली याच जिल्ह्यात त्याहून भयंकर घडलं. अळी आटोक्यात येईना म्हणून फवारण्या वाढल्या, औषधं एकात एक मिसळली गेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला फार तर रुमाल. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडोंना दवाखान्यात ठेवावं लागलं. कोणतं औषध किती घालायचं हे ठरवणारा अनेकदा एक, आणि पाठीवर पंप घेऊन श्वास घेणारा दुसरा. फवारणीचे कपडे धुणारी तर तिसरीच.

वावरातून परत येताना मनात आलं, की ‘ज्याचं त्याचं’ असं आपण किती गोष्टींना म्हणतो! दारूचंच घ्या. ‘माझ्या पैशाची पितो, कोणाच्या बापाचं काय जातं?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्या महाराष्ट्रात सापडायची नाही. पण पगाराच्या दिवशी डब्यात काय शिजतं, पोराची फी कधी भरली जाते, रात्री दार किती वाजता वाजतं आणि ते कसं वाजतं, हे सगळं त्या ‘माझ्या’ पैशातूनच ठरतं.

यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात फार वर्षांपासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायकांनीही बंदीसाठी मोर्चे काढले आहेत. जिल्हाभर बंदी असावी की नसावी यावर मतभेद आहेत, चोरटी दारू वाढते असंही लोक म्हणतात. त्या वादात मी आज शिरत नाही. पण आपल्या राज्याच्या २००८ च्या एका आदेशातली गोष्ट मात्र प्रत्येक बाईनं माहीत करून घ्यावी. गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर तिथल्या एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के जणींनी सह्या करून तशी मागणी करायची. सह्यांची तपासणी होते. मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद.

यातली दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, पिणारा पुरुष ‘माझी मर्जी’ म्हणतो, पण ज्यांना त्या मर्जीचा भुर्दंड बसतो त्या बायकांना कायद्यानं मत दिलं. ज्याला झळ लागते त्याला विचारा, एवढंच साधं तत्त्व. दुसरी गोष्ट आपल्याला टोचणारी आहे. निम्म्याहून अधिक म्हणजे मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीत नाव असलेल्या सगळ्यांपैकी. म्हणजे जी घरी बसली, पाहुणे आले म्हणून, ऊन आहे म्हणून, ‘आमच्या घरी कुठं कोणी पितं?’ म्हणून, तिचं न दिलेलं मत दुकानाच्याच पारड्यात पडलं. ‘मी यात नाही’ असं म्हणायची सोयच तिथं नाही. चार ओळी न पेरणारा शेतकरी आणि मताला न जाणारी बाई यांच्यात फरक काय?

इथपर्यंत वाचून एखादी म्हणेल, “म्हणजे मुलीच्या वडिलांचंच बरोबर की! कोणताच निर्णय एकट्याचा नसतो, तर मुलीचाही नसतो.” थांबा. इथंच तर खरी मेख आहे.

आपल्यापैकी किती जणींना ‘घराचा विचार कर’ हे वाक्य लहानपणापासून ऐकवलं गेलं! शिक्षण पुढं न्यायचं तर घराचा विचार, नोकरी करायची तर घराचा विचार, तिसरं मूल नको म्हटलं तरी घराचा विचार. सगळ्या गोष्टी सगळ्यांना लागतात असं एकदा म्हटलं, की सगळ्यांना सगळ्यात बोलायचा परवाना मिळतो, आणि तो परवाना बहुतेक वेळा बायकांवरच चालवला जातो. म्हणून परिणाम होतो की नाही हा प्रश्न पुरेसा नाही. कोणता परिणाम होतो, हे विचारायला हवं.

दिग्रसहून पुसदकडे गेलं की पुसद तालुक्यात गहुली नावाचं गाव आहे. वसंतराव नाईकांचं हे जन्मगाव. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. पण मला इथं सांगायचंय ते त्याआधीचं. बंजारा तांड्यावर वाढलेल्या या तरुण वकिलानं १९४१ साली नागपूरच्या घाटे घराण्यातल्या वत्सलाबाईंशी लग्न केलं. त्या ब्राह्मण, हे बंजारा, आणि काळ १९४१ चा! दोन्हीकडून विरोध झाला. तेव्हाही ‘हा तुमच्या दोघांचा प्रश्न नाही, समाजाचा आहे’ असं म्हणणारे असणारच. आणि एका अर्थानं ते खरंही होतं. त्या लग्नाचा परिणाम दोन घरांवर, दोन समाजांवर झालाच. पण काय झाला? कोणाचं पीक बुडालं नाही, कोणाच्या तोंडचा घास गेला नाही. गेली असेल ती सवयीची ऊब, दुखावला असेल तो मान. काही वर्षं कुजबुज झाली असेल. आणि त्याच वत्सलाबाई पुढं पुसदच्या आणि राज्याच्या सार्वजनिक जीवनात आदरानं वावरल्या.

जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज विचारवंतानं १८५९ साली स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते आपल्या दिवंगत पत्नीला, हॅरिएटला, अर्पण केलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की माणसाच्या वागण्यानं दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजानं त्याला अडवावं; नुसतं आवडत नाही म्हणून अडवू नये. आणि हेही त्यानं म्हटलं आहे, की पिण्यापायी जो आपल्या बायकामुलांना पोसण्याचं कर्तव्य चुकवतो, त्याला ‘हे माझं खाजगी’ म्हणता येणार नाही. दीडशे वर्षांहून जुनं पुस्तक, पण वन्संच्या पंगतीतल्या दोन्ही वादांना लागू पडणारं!

अळी उडून शेजारच्या वावरात जाते, तशी लोकांची बडबडही जाते. पण अळी पीक खाते, बडबड काही खात नाही. आपल्याकडे नेमकं उलटं झालं आहे. ज्या मर्जीतून अळी सुटते, कर्ज वाढतं, घर फुटतं, तिला आपण ‘ज्याचं त्याचं’ म्हणतो. आणि ज्या मर्जीतून फार तर बडबड सुटते, तिला घराण्याच्या अब्रूचा प्रश्न करतो. बहुतेक वेळा पहिली मर्जी पुरुषाची असते आणि दुसरी बाईची.

भाचीच्या निर्णयाचे परिणाम नव्हते असं मात्र नाही, आणि ते तिनं नाकारलेही नाहीत. वन्संचे गुडघे दुखतात, घरात हाताखाली दुसरी बाई नाही. वडिलांना रात्रीचं औषध आठवणीनं तीच देते. धाकट्या भावाच्या लग्नाचा खर्च समोर आहे. मी तिला एवढंच म्हटलं, “‘माझा एकटीचा प्रश्न’ असं म्हणू नकोस. ते खरंही नाही आणि त्यानं वडील दुखावतात. निर्णय माझा आहे, आणि त्यानं तुमचं काय अडेल ते बसून बोलू, असं म्हण.” तिनं वही काढली. औषधांच्या वेळा धाकट्या भावाला शिकवायच्या, धुण्याला बाई लावायची आणि तिचे पैसे आपण पाठवायचे, महिन्यातून दोनदा घरी यायचं, असं सगळं लिहून तिनं वडिलांपुढं ठेवलं. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, “एवढा हिशेब तं मी वावराचा बी नाही करत.” वन्सं हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, “मग करा ना! फरदडीचा करा.”

चांगल्या निर्णयाचीही लागण होते, हे सांगायचं राहिलंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं. त्यानंतरच्या काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर शेतकरी असं करतील त्याला लक्ष्मीमुक्ती गाव म्हणायचं. यात कायद्याची सक्ती नव्हती, ज्याची त्याची मर्जी होती. पण एकानं केलं की शेजारणीनं घरी विषय काढला, दुसऱ्यानं केलं की तिसऱ्याला लाज वाटली, आणि गावंच्या गावं त्यात आली. कर्जानं खचलेल्या या जिल्ह्यात घरचा कर्ता पुरुष गेल्यावर मागं राहिलेल्या बाईच्या हातात सातबाऱ्याचा कागद तिच्या नावचा असणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना सांगावं लागत नाही. कर्ज घेताना तिला विचारलेलं नसतं, फेडायला मात्र तीच उरते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात एखादा ‘माझं मी बघीन’ म्हणाला, किंवा एखादीला ‘तुझा एकटीचा निर्णय नाही’ असं सांगितलं गेलं, तर तीन गोष्टी विचारून पाहा. या निर्णयाची झळ नेमकी कोणाला लागणार? ती झळ पोटाला-पाठीला लागणार, की नुसती मानाला? आणि ज्याला लागणार त्याला आधी विचारलं का? तिन्ही प्रश्न नवऱ्याच्या नव्या कर्जाला विचारा, मुलाच्या मोटारसायकलीला विचारा, सोनं गहाण टाकताना विचारा. आणि हो, आपल्या स्वतःच्या निर्णयांनाही विचारा. सासूबाईंना कोणाकडं किती दिवस ठेवायचं हे दोघा भावजयांनी परस्पर ठरवलं, तर सासूबाईंनाही एक मत असतं हे विसरू नये.

वॉर्डातल्या बायका सह्यांचा कागद घेऊन दारात आल्या, तर ‘आमच्याकडे कोणी पीत नाही’ म्हणून दार लावून घेऊ नका. कागद वाचा, पटला तर सही करा, आणि मतदानाच्या दिवशी स्वयंपाक जरा लवकर उरका. चूल पेटवत असाल, तर पऱ्हाटी रचण्याआधी बोंडं झाडून जाळा. आणि मुलगी ‘मला दोन वर्षं थांबायचंय’ म्हणाली, तर चार लोक काय म्हणतील हे विचारण्याआधी त्या चार लोकांचं यात काय अडतं, ते एकदा मोजून बघा.